आमनेसामने: शत्रुसैनिकांची छोटी युद्धकथा कशी लिहावी

युद्धावर कादंबरी लिहायची असेल, तर सैन्यांच्या हालचाली, दिल्लीतले राजकारण, गावाकडे मागे राहिलेली माणसे, असा सगळा पसारा मांडता येतो. दीड-दोन हजार शब्दांच्या कथेत यातले फारसे काही मावत नाही. तिथे उरतात ती दोन माणसे, त्यांच्या हातातली हत्यारे आणि त्या दोघांच्या मधली जागा. या मधल्या जागेकडे नवे लेखक सर्वांत कमी लक्ष देतात, आणि माझ्या मते बहुतेक कथा फसतात त्या याच कारणाने. म्हणून पात्रांची नावे, गावे, स्वभाव यांपैकी काहीही ठरवण्याआधी दोन्ही शत्रू एकमेकांपासून किती पावलांवर आहेत, हे ठरवावे आणि ते कागदावर स्पष्ट लिहून ठेवावे.

अंतर ठरले की बाकीच्या पुष्कळ गोष्टी आपोआप ठरतात. पाचशे पावलांवरचा शत्रू म्हणजे फक्त हालचाल असते: धूर दिसतो, वाळत घातलेला कपडा दिसतो, फावड्याची माती उडताना दिसते. तीस-चाळीस पावलांवर, तेही रात्री, तो ऐकू येतो पण दिसत नाही. हातभर अंतरावर आला की त्याच्या घामाचा वास येतो, मात्र तेव्हा विचार करायला वेळच उरत नाही. पाचशे पावलांवरच्या माणसाच्या डोळ्यांतली भीती वर्णन करणारी कथा वाचकाला खोटी वाटते, आणि ती का खोटी वाटली हे त्याला सांगता आले नाही तरी त्याचा विश्वास उडालेला असतो.

अगदी जवळच्या अंतराचे उदाहरण आपल्याच मातीतले आहे. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव परिसरातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, एका जर्मन मशीनगनच्या मोर्चावर एकटे धावून गेले. सोबतचे जवळजवळ सगळे जवान मारले गेले किंवा जखमी झाले होते. त्यांनी आधी हातबॉम्ब टाकला, मग टॉमीगनने एकाला टिपले, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर चालवली. त्यानंतर लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी त्यांना वीरमरण आले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कथालेखकाने या नोंदीतले ‘मॅगझिन बदलायला वेळ नव्हता’ एवढेच शब्द पुन्हा पुन्हा वाचावेत. हातभर अंतरावरच्या झुंजीत काळ किती आखूड होतो, हे त्यात पूर्ण आले आहे. अशा जागी पात्राला आठवणींचा परिच्छेद देणे म्हणजे त्या क्षणाचा अपमान करणे होय.

प्रसंगाची निवड

छोट्या कथेसाठी प्रसिद्ध लढाई निवडण्यापेक्षा लढाईतला एक दिवस किंवा एक रात्र निवडावी, आणि तीसुद्धा अशी की जिच्याविषयी आपल्याला पुरेशी माहिती मिळू शकते. या लेखात मी डिसेंबर १९७१ च्या भारत-पाक युद्धातले जमालपूर धरून चालतो, कारण तिथे दोन्ही बाजू एकमेकांसमोर येण्याचे तीन वेगवेगळे प्रकार चार-पाच दिवसांत घडले आणि त्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण, म्हणजे ‘जंगी पलटण’, प्रत्यक्ष होती.

थोडक्यात घटनाक्रम असा. जमालपूर हे जुन्या ब्रह्मपुत्रेच्या काठावरचे गाव तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात (आजच्या बांगलादेशात), उत्तर सीमेवरून ढाक्याकडे जाणाऱ्या वाटेवर होते. सीमेवरच्या कमालपूरची पाकिस्तानी चौकी दीर्घ वेढ्यानंतर ४ डिसेंबरला शरण आली. भारतीय सैन्य पुढे सरकले तेव्हा जमालपूर पाकिस्तानच्या ३१ बलुच पलटणीकडे होते आणि तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद होते. भारतीय बाजूने ब्रिगेडियर क्लेर यांची ९५ माउंटन ब्रिगेड होती, आणि तिच्यातल्या १ मराठाचे, म्हणजे याच जंगी पलटणीचे, नेतृत्व लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार यांच्याकडे होते. नदी ओलांडून १ मराठाने गावाच्या दक्षिणेला ढाक्याकडे जाणारा रस्ता अडवला. ९ डिसेंबरला क्लेर यांनी शरण येण्याचे आवाहन करणारे पत्र एका स्थानिक माणसाच्या हाती गावात पाठवले. उत्तरादाखल सुलतान अहमद यांनी जे पत्र धाडले, त्याच्यासोबत बंदुकीची एक गोळी होती, आणि पुढच्या भेटीत तुमच्या हाती लेखणीऐवजी स्टेनगन असावी, असा त्यातला आशय होता. १० डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी तुकडी गाव सोडून दक्षिणेकडे निसटू लागली, तेव्हा ती रस्ता अडवून बसलेल्या १ मराठाच्या मोर्चांवर येऊन आदळली. तिचे पुष्कळ जवान त्या रात्री मारले गेले, सुलतान अहमद काही जणांसह निसटले, आणि ११ तारखेच्या सकाळी जमालपूर पडले. त्याच दिवशी टांगाइलजवळ भारतीय छत्रीसैनिक उतरले आणि पुढे जाऊन १ मराठानेच त्यांच्याशी सांधा जुळवला.

हे वाचल्यावर कोणाच्याही मनात पहिल्यांदा भरते ती पत्रातली गोळी. तिचा मोह आवरावा, अशी माझी सूचना आहे. दोन अधिकाऱ्यांमधले ते उत्तर-प्रत्युत्तर इतके घडीव आहे की ते कथेत घेतले तर कथेला करण्यासारखे काही उरत नाही. वाचक त्या गोळीपाशीच थांबतो. शिवाय ते अंतर कागदाचे आहे, माणसांचे नाही. क्लेर आणि सुलतान अहमद त्या वेळी एकमेकांना दिसतही नव्हते. त्या प्रसंगावर लिहायचेच असेल, तर पत्र घेऊन दोन बंदुकांच्या मधून चालत गेलेल्या त्या माणसाचा विचार करावा. त्याची पाठ एका बाजूकडे आणि तोंड दुसऱ्या बाजूकडे होते, आणि परत येताना हे दोन्ही उलटले. ती कथा कोणी लिहिली तर मला ती वाचायला आवडेल. आपण मात्र १० डिसेंबरच्या रात्रीकडे जाऊ, कारण तिथे दोन सैनिक खरोखर समोरासमोर येतात.

रात्र, उजेड आणि आवाज

रात्रीची कथा लिहिताना पहिला प्रश्न चंद्राचा असतो. पंचांग उघडून बघितले की कळते, २ डिसेंबर १९७१ रोजी मार्गशीर्षी पौर्णिमा होती. त्या अर्थी १० तारखेची रात्र कृष्ण पक्षातल्या अष्टमी-नवमीची, आणि चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास किंवा त्यानंतर उगवणार. एवढ्या साध्या हिशेबाने कथेला कालरेषा मिळते: आधी गडद अंधार, मग पूर्वेकडून मळकट उजेड आणि त्यात रस्त्याची कड हळूहळू उमटणे. चंद्र उगवण्याआधी निसटावे, असे गाव सोडणाऱ्याला वाटेल; उगवल्यावर आपल्याला सोपे जाईल, असे वाट अडवणाऱ्याला वाटेल. दोन्ही बाजू एकाच चंद्राची दोन वेगवेगळ्या कारणांनी वाट पाहत आहेत, हा ताण कल्पनेने आणावा लागत नाही, तो तिथीतच असतो. मात्र ‘पूर्णचंद्राच्या चांदण्यात’ असे एकदा लिहून गेलात की तारीख माहीत असलेला वाचक तिथेच कथा सोडतो.

दुसरे म्हणजे जमीन. डिसेंबर हा त्या भागात अमन भाताच्या कापणीचा हंगाम असतो. काही खाचरांत धसकटे उभी असतात, काहींत अजून पीक असते. दव पडते, पहाटे धुके येते. सखल मुलखातला रस्ता शेतांपेक्षा उंच असतो, त्यामुळे शेतात पडून राहिलेल्याला रस्त्यावरचा माणूस आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसतो आणि रस्त्यावरच्याला शेतातला दिसत नाही. भातशेती पाहिलेल्या मराठी लेखकाला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये: ओल्या खाचरातली बैठक, कोपरांखालची थंडी आणि धसकटांची टोचणी कोकणात किंवा मावळात वाढलेल्याने अनुभवलेली असते. आपला जवानही बहुधा अशाच गावातून आलेला असतो, हे कथेत उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट आवाज, आणि या कथेचा सगळा भार तिच्यावर आहे. अंधारात तीस पावलांवर जे कळते, ते कानांनी कळते. रस्त्यावरून येणाऱ्या बुटांचा आवाज, गाडीचे गिअर बदलणे, डब्याला डबा लागणे, खोकला, कोणाला तरी दबक्या आवाजात दिलेली शिवी. इथे आणखी एक वस्तुस्थिती लक्षात घ्यावी. पलटणीचे नाव बलुच असले, तरी त्या रेजिमेंटमध्ये पंजाबी आणि पठाण जवान मोठ्या प्रमाणावर असत. पलटणीत हिंदुस्तानी बोलून-ऐकून सरावलेल्या मराठा जवानाला पंजाबी वाक्य पूर्ण नाही, पण निम्मे तरी समजते. म्हणजे समोरचा शत्रू दिसत नाही, पण अर्धामुर्धा समजतो.

याची तुलना सेनियो नदीशी करावी. इटलीत १९४४-४५ च्या हिवाळ्यात या नदीच्या उंच बांधांवर दोन्ही सैन्ये इतकी जवळ होती की काही ठिकाणी बांधाच्या एका उतारावर जर्मन आणि दुसऱ्यावर दोस्त सैनिक असत. ९ एप्रिल १९४५ रोजी तिथेच तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना पाण्यातून उचलून आणले, मशीनगनचे मोर्चे गप्प केले आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना करत मागच्यांना बोलावले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सेनियोवरच्या मराठा शिपायाला पलीकडचे जर्मन बोलणे ऐकू आले असते, तरी तो त्याच्या दृष्टीने निव्वळ आवाज होता. जमालपूरच्या रस्त्यावर तसे नाही. अंतर तेवढेच, पण कळण्याचे प्रमाण निराळे. म्हणून या दोन जागांवरच्या कथा एकसारख्या होऊच शकत नाहीत.

हत्यारांच्या बाबतीत फार तपशील देऊ नये, पण जो द्याल तो अचूक असावा. १९७१ मध्ये आपल्या पायदळाच्या हाती साधारणतः ७.६२ मिलिमीटरची एसएलआर ही रायफल असे, आणि सेक्शनमध्ये, म्हणजे दहाएक जवानांच्या तुकडीत, एक एलएमजी (हलकी मशीनगन) असे. पाकिस्तानी पायदळाकडे चिनी बनावटीच्या रायफली होत्या. दोन्हींचा आवाज वेगळा असतो आणि अनुभवी जवान तो ओळखतो. कथेत एखाद्या नाईकाने अंधारातून आलेल्या एका फैरीवरून समोर कोण आहे ते ओळखले, तर त्याचा अनुभव वेगळा सांगण्याची गरज उरत नाही.

कोणाच्या डोळ्यांनी पाहावे

एवढ्या छोट्या कथेत दोन्ही बाजूंच्या मनांत शिरू नये, असे माझे ठाम मत आहे. एक परिच्छेद इकडचा आणि एक तिकडचा, अशी मांडणी सुरुवातीला न्याय्य वाटते. पण वाचकाला दोघांच्याही मनातले कळले की त्या दोघांमधला अंधार नाहीसा होतो, आणि या प्रकारच्या कथेचा प्राणच तो अंधार असतो. एका माणसाच्या कानांशी आणि डोळ्यांशी प्रामाणिक राहावे. त्याला जे कळत नाही, ते कथेलाही कळू नये.

आपल्या उदाहरणात तो माणूस १ मराठाचा एक नाईक धरू. अधिकारी घेतला तर त्याला नकाशा, वायरलेस, वरचे हुकूम असे सगळे माहीत असते आणि कथा लढाईच्या अहवालाकडे झुकते. अगदी नवा शिपाई घेतला तर त्याच्या भीतीपलीकडे जाता येत नाही. नाईकाकडे सेक्शनमधल्या दहाएक जणांची जबाबदारी असते, त्याला हुकूम पाळायचाही असतो आणि द्यायचाही असतो. गोळीबार कधी सुरू करायचा हे त्याच्या हाती नाही, पण आपल्या माणसांनी आधी सुरू करू नये हे मात्र त्याच्या हाती आहे. समोर येणाऱ्या शत्रूला जवळ, आणखी जवळ येऊ देण्याचा हा काळ म्हणजेच कथेचा काळ.

बोलण्यात पलटणीची रीत सांभाळावी. एकाच जिल्ह्यातले जवान आपापसात गावच्या मराठीत बोलतात, एकमेकांना आडनावाने हाक मारतात. सुभेदारांना आणि अधिकाऱ्यांना ‘साहेब’ म्हणतात. हुकूम हिंदुस्तानीत येतात, आणि संतरी ‘थम, कौन आता है’ असेच विचारतो. शिवाजी महाराजांचा जयजयकार ही या रेजिमेंटची रणगर्जना आहे, आणि म्हणूनच ती कथेत कुठेही पेरू नये. दबा धरून बसलेली पलटण गर्जना करत नाही. ती यायचीच तर एकदाच, आणि ज्या क्षणी लपण्याचे कारण संपते त्या क्षणी.

शत्रूचा माणूसपणा

इथे सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते. समोरासमोरच्या सैनिकांची कथा लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला असे सांगायचे असते की समोरचाही माणूसच आहे. हे सांगणे योग्य आहे, पण ते कसे सांगायचे यासाठी ठरलेल्या काही युक्त्या फार झिजल्या आहेत: मृत शत्रूच्या खिशातला कुटुंबाचा फोटो, अर्धवट लिहिलेले पत्र, दोघांनी वाटून ओढलेली विडी, बंदूक खाली ठेवून मारलेली मिठी. यांपैकी काहीही वापरण्याआधी आपल्या निवडलेल्या जागी आणि वेळी ते घडण्यासारखे होते का, हे स्वतःला विचारावे.

१९१४ च्या नाताळात पश्चिम आघाडीवर काही ठिकाणी ब्रिटिश आणि जर्मन सैनिक खंदकांतून बाहेर येऊन एकमेकांना भेटले. हिंदी सैन्यातल्या २/३९ गढवाल रायफल्सचे जवानही त्यात होते. पण ते घडायला कारणे होती. कित्येक आठवडे तेच खंदक, तोच चिखल, मधल्या जागेत पडलेली दोन्हीकडची प्रेते पुरण्याची गरज आणि दोन्ही युरोपीय बाजूंना सामाईक असलेला सण. यांतले एकही कारण जमालपूरच्या रस्त्यावर नव्हते. तिथे एक बाजू निसटत होती, दुसरी तिला अडवत होती, आणि दोन्हींना सकाळपर्यंत निकाल हवा होता. नाताळचा तो प्रसंग उचलून इथे आणून ठेवला, तर तो ना तिथला राहील ना इथला होईल.

शत्रूविषयी आदर दाखवायचा असेल, तर आपल्या उपखंडाच्या युद्धांत त्याची खरी उदाहरणे आहेत आणि ती नीट पाहण्यासारखी आहेत. डिसेंबर १९७१ मध्येच बसंतरच्या लढाईत पाकिस्तानच्या ३५ फ्रंटियर फोर्सचे लेफ्टनंट कर्नल अक्रम राजा हल्ल्याच्या अग्रभागी मारले गेले, तेव्हा समोरच्या ३ ग्रेनेडियर्सचे लेफ्टनंट कर्नल व्ही. पी. ऐरी यांनी त्यांच्या शौर्याची लेखी नोंद करून दिली. १९९९ मध्ये कारगिल युद्धात टायगर हिलवर मारले गेलेले पाकिस्तानचे कॅप्टन कर्नल शेर खान (यातला ‘कर्नल’ हा हुद्दा नाही, नावाचाच भाग आहे) यांच्या खिशात भारताचे ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी त्यांच्या शौर्याची साक्ष देणारी चिठ्ठी ठेवली, आणि पुढे त्यांना पाकिस्तानचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला. या दोन्ही घटनांत आदर लढाई संपल्यावर आला आहे. ज्याने तो दाखवला, त्याने लढताना हात आखडता घेतलेला नव्हता. आदर आणि गोळीबार एकाच माणसात एकत्र असू शकतात, ही गोष्ट मिठीपेक्षा कितीतरी अवघड आहे, आणि कथेने अवघड गोष्टच लिहावी.

१९७१ विषयी आणखी एक सावधगिरी. २५ मार्चपासून पूर्व बंगालमध्ये पाकिस्तानी लष्कराने जे अत्याचार केले, ते त्या रस्त्याच्या दुतर्फा असलेल्या गावांनी भोगले होते. मुक्तिवाहिनीचे, म्हणजे बंगाली स्वातंत्र्यसैनिकांच्या फौजेचे, जवान याच पट्ट्यात महिनोन्महिने लढत होते. त्यांचे मेजर अबू ताहेर यांनी नोव्हेंबरमध्ये कमालपूरच्या लढाईत एक पाय गमावला होता. एका तहानलेल्या पाकिस्तानी शिपायाचा माणूसपणा दाखवताना हे सगळे पुसले जाता कामा नये, आणि ते सांगताना त्या शिपायाला राक्षसही करू नये. माझ्या दृष्टीने यावरचा उपाय असा की नाईकाने दिवसा काहीतरी पाहिलेले असावे. जळालेले घर असेल, मोकळे पडलेले गाव असेल, पण एकच वस्तू, एकाच वाक्यात. रात्री खोकला ऐकताना त्याला ती आठवली असे लिहू नये. वाचकाने दोन्ही वाचलेले असते. तो दोन्ही जवळ जवळ ठेवतो.

एक उतारा आणि त्याची दुरुस्ती

पहिल्या खर्ड्यात सहसा असे काहीतरी उतरते:

“शत्रूची तुकडी जवळ आली. नाईकाने पाहिले, सर्वांत पुढच्या सैनिकाच्या डोळ्यांत भीती होती. तोही कोणाचा तरी मुलगा असेल, त्याचीही आई दारात वाट पाहत असेल, असा विचार त्याच्या मनात आला आणि चापावरचे त्याचे बोट थरथरले.”

वाक्ये शुद्ध आहेत, भावनाही प्रामाणिक आहे. पण चंद्र उगवलेला नाही, तेव्हा डोळे दिसणे अशक्य आहे. आईचा विचार नाईकाचा नाही, लेखकाचा आहे. आपल्या सेक्शनला रोखून धरलेल्या माणसाला त्या क्षणी तो सुचणार नाही. थरथरणारे बोट तर प्रत्येक कथेत थरथरते. आता अंतर तीस पावले, उजेड नाही, समजते ते अर्धे, एवढ्या तीन अटी पाळून पुन्हा लिहू:

“आधी खोकला ऐकू आला. रस्त्यावरचा कोणीतरी तो दाबत होता आणि दाबल्यामुळे तो जास्तच उसळत होता. नाईकाने शेजारच्या जवानाच्या मनगटावर हात ठेवला. अजून नाही. पावले थांबली. मागून आलेल्या एकाने पंजाबीत काही विचारले, त्यातले पाणी एवढेच नाईकाला कळले. ‘खतम,’ खोकणारा म्हणाला. नाईकाच्या कमरेची बाटली गच्च भरलेली होती. हलताना आवाज होऊ नये म्हणून संध्याकाळी त्याने सेक्शनमधल्या प्रत्येकाची बाटली काठोकाठ भरून घेतली होती. पावले पुन्हा चालू लागली. नाईकाने हात काढला नाही.”

या उताऱ्यात नाईकाच्या मनात काय चालले आहे, याचा एकही शब्द नाही. पाण्याची बाटली सैनिकी शिस्तीचा भाग म्हणून आली आहे. अर्धी भरलेली बाटली चालताना डुचमळते, हे पायदळातल्या माणसाला माहीत असते. ज्या कारणाने ती भरली, त्याच कारणाने ती आता त्याच्या कमरेला जड झाली आहे, पण हे कथेने बोलून दाखवलेले नाही. ‘हात काढला नाही’ या शेवटच्या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही खरे आहेत: तो शेजारच्याला थोपवतो आहे, आणि स्वतःलाही काहीतरी धरून ठेवायला हवे आहे. असा तपशील शोधायला पुस्तकांपेक्षा माणसे जास्त उपयोगी पडतात. साताऱ्याजवळच्या आपशिंगे मिलिटरीसारखी गावे महाराष्ट्रात आहेत, जिथे घरटी एखादा तरी माणूस फौजेत गेलेला असतो. अशा निवृत्त जवानांकडे बसण्याची संधी मिळाली, तर त्यांना युद्धात काय वाटले असे विचारू नये. त्याचे उत्तर त्यांनी अनेकदा दिलेले असते आणि ते ठरून गेलेले असते. रात्री मोर्चात झोप आली तर काय करायचात, लघवीला कसे जायचात, बूट किती दिवसांनी काढलेत, सोबत खायला काय असे, असे विचारावे. कथेला लागणारे सगळे त्या उत्तरांत येते.

शेवट

गोळीबार होणार, हे इतिहासाने ठरवलेले आहे. तो टाळणारा शेवट लिहू नये. नाईक गोळी झाडतो. त्याने मुद्दाम नेम चुकवला, असे दाखवणे म्हणजे त्याच्या डाव्या-उजव्या बाजूच्या जवानांशी त्याने केलेली प्रतारणा ठरेल, आणि मग कथा त्याविषयीच लिहावी लागेल. गोळीबाराचे वर्णन चार-पाच ओळींत आटोपावे. लांबलेल्या वाट पाहण्यानंतर आखूड गोळीबार, हे प्रमाण अशा रात्रींच्या अनुभवाशी जुळणारे आहे.

त्यानंतर सकाळ. इथे पुन्हा अंतराचा नियम लागू होतो आणि तोच शेवट मिळवून देतो. नाईकाने त्या माणसाला फक्त ऐकले आहे. रस्त्यावरच्या मृतांपैकी तो कोणता, कैद्यांमध्ये तो आहे का, की निसटलेल्यांबरोबर गेला, हे त्याला कधीही कळणार नाही. कैद्यांच्या रांगेत नेमका एक जण खोकतो, असा योगायोग जुळवण्याचा मोह होईल, तो टाळावा. त्याऐवजी नाईकाला काम द्यावे, कारण सकाळी पलटणीत कामच असते: गोळ्यांचा हिशेब, जखमींना मागे पाठवणे, मग टांगाइलच्या दिशेने कूच. कैद्यांना पाणी पाजायचे काम त्याच्या सेक्शनकडे आले, तर तो ते रांगेतल्या पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांना सारखेच पाजेल. कथा तिथे कामाच्या मध्येच थांबली तरी चालेल.

खर्डा पूर्ण झाला की तो चार-सहा दिवस बाजूला ठेवावा आणि मग तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन वाचावा. नाईकाला जे दिसू शकते त्याखाली एक रंग, जे ऐकू येऊ शकते त्याखाली दुसरा, आणि जे त्याला कळणे शक्यच नाही त्याखाली तिसरा. तिसऱ्या रंगाची वाक्ये, ती कितीही सुंदर असली तरी, काढून टाकावीत. नंतर हुद्दे, पलटणीची नावे, तारखा आणि नद्यांच्या दिशा तपासाव्यात. खऱ्या पलटणीचे आणि लढाईचे नाव वापरत असाल, तर पात्रे मात्र काल्पनिकच ठेवावीत. प्रत्यक्ष लढलेल्या माणसाच्या नावावर आपण रचलेली कृती, मग ती शौर्याची का असेना, टाकण्याचा आपल्याला अधिकार नाही. पात्रे काल्पनिक आहेत, अशी एक ओळ कथेच्या शेवटी स्वतंत्रपणे द्यावी, आणि संपादकाकडे पाठवताना वापरलेल्या तारखांचे टिपण सोबत जोडावे, म्हणजे छपाईपूर्वी कोणी ‘पूर्णचंद्र’ घालून सुधारणा करणार नाही.